महिन्याची यादी परत आणूया : खर्च आटोक्यात ठेवणाऱ्यांसाठी धागा

पायवाट | ६ जानेवारी, सकाळी

नमस्कार मंडळी,

खर्च कमी करण्याबद्दल इथे अधूनमधून बोलणं होतं, पण ते दहा धाग्यांत विखुरलेलं आहे. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मला एकच गोष्ट मांडायची आहे, पण जरा सविस्तर.

आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या मध्यमवर्गीय घरांत खर्च हाताबाहेर जात नसे, त्याचं श्रेय आपण त्यांच्या साध्या स्वभावाला देतो. स्वभावाचा वाटा असेलच, पण मला वाटतं त्याहून मोठा वाटा यादीचा होता. पगार झाला की वाण्याची यादी व्हायची. तूरडाळ, साखर, शेंगदाणे, पोहे, चहा, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण. सामान घरी आलं की डबे भरायचे आणि पुढची यादी थेट पुढच्या महिन्याला. मध्येच कुणाला काही हवं झालं तर "पुढच्या यादीत लिहून ठेव" असं उत्तर मिळायचं. तोपर्यंत त्यातल्या कितीतरी गोष्टी हव्याशाच वाटेनाशा व्हायच्या. कुणी मन मारत नव्हतं. फक्त हवंसं वाटणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये काही दिवस जात होते.

ते दिवस आता सेकंदांवर आले आहेत. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि भाजीवाल्या मावशींपासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळ्यांची सोय झाली, ती मलाही हवी आहे. पण नोट मोडताना हाताला जे जाणवायचं ते गेलं. त्यावर दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲपं आली. आता कोथिंबीर संपली म्हणून ॲप उघडायचं, ठरावीक रकमेच्या आत ऑर्डर असेल तर जादा आकार लागतो, तो टाळायला चिप्स आणि चॉकलेट टाकायचं. वीस रुपयांच्या कोथिंबिरीपायी अडीचशे रुपये जातात, आणि वर आपण आकार वाचवला असं वाटतं.

हे आपोआप होत नाही, घडवून आणलं जातं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले आहेत. "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू किंवा देणगी, सुरू करायला सोपी पण बंद करायला अवघड वर्गणी, शेवटच्या पडद्यावर वाढत जाणारी किंमत. सरकारला यादी करून बंदी घालावी लागते इतकं हे सर्रास आहे. त्यामुळे "माझा स्वतःवर ताबा नाही" म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला मला सांगावंसं वाटतं, की समोर तुमचा ताबा सुटावा यासाठीच पगार घेणारी माणसं बसली आहेत. एकट्याच्या निग्रहाने त्यांच्याशी रोज किती लढणार? मधलं अंतर परत आणलं पाहिजे.

आणि त्यासाठी नवं काही शोधायला नको. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात महाराष्ट्रात जी ग्राहक चळवळ उभी राहिली, तिच्यातून मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, सगळ्यांनी महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, माल एकत्र येतो आणि सभासदच त्याचं वाटप करतात. गेली पन्नास वर्षं हे चाललं आहे. लोक त्याकडे स्वस्त आणि शुद्ध मालाची सोय म्हणून पाहतात. माझ्या लेखी त्यातलं खरं मोलाचं म्हणजे आधी लिहून देणं. महिन्याची गरज एका बैठकीत, शांत डोक्याने, घरच्यांना विचारून ठरते.

आमच्या घरी आता पुन्हा यादी होते. किराणा महिन्यातून एकदा. भाजी, दूध, फळं सोडून मध्ये काही आणायचं नाही. कपडे, भांडी, फोन, पुस्तकं, घरातल्या वस्तू यांची वेगळी पाठपोट यादी फ्रिजवर लावली आहे. तिथे लिहिलेली वस्तू पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीच विचारात घ्यायची. ॲपमधली साठवलेली कार्डं काढून टाकली. इतकंच.

तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही, ते मोकळेपणाने लिहा. विरोधी मतंही हवी आहेत.

---

कोकणकडा | ६ जानेवारी, दुपारी

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. आमचा संघ डोंबिवलीत आहे, माझ्या सासूबाईंपासून चालत आलेला. दोन गोष्टी जोडते.

मागणीपत्रक भरताना आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे बघावे लागतात. मागच्या महिन्याचा रवा उरलाय का, मूगडाळ किती आहे. हे डबे बघणं फार महत्त्वाचं. बाहेर दुकानात उभं राहून आपण अंदाजाने उचलतो आणि घरी आल्यावर कळतं, की हळदीची दोन पाकिटं आधीच आहेत.

दुसरं म्हणजे वाटपाच्या दिवशी दहा घरच्या बायका-पुरुष एकत्र येतात. कोण किती तेल घेतं, कोण बिस्किटं घेतंच नाही, हे दिसतं. कुणी कुणाला बोलत नाही, पण आपल्या घरात तेल जास्त जातंय हे आपलं आपल्याला उमगतं. आम्ही डॉक्टरांच्या आधी तिथूनच तेल कमी केलं.

अडचणही सांगते. नव्या टॉवरमधल्या तरुण जोडप्यांना वाटपासाठी तास-दोन तास काढणं जमत नाही. संघ टिकवायला वेळ देणारी माणसं लागतात, आणि ती कमी होत चालली आहेत.

---

हिशेबनीस | ६ जानेवारी, रात्री

यादीचा मुद्दा मान्य. पण किराण्यापेक्षा मोठं भोक हप्त्यांचं आहे, म्हणून त्यावर लिहितो. माझं काम हिशेबाचंच आहे, रोज लोकांची स्टेटमेंटं बघतो.

क्रेडिट कार्डाचं उदाहरण घ्या. ४०,००० रुपये थकले आहेत. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर महिन्याचं व्याज १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. बँकेने किमान रक्कम पाच टक्के धरली असेल तर तुम्ही २,००० भरता आणि "बिल भरलं" म्हणून निश्चिंत होता. त्यातले १,६५२ व्याज आणि करात गेले. मुद्दल कमी झालं ३४८ रुपयांनी. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड थकलं असेल तर बाकी सगळ्या काटकसरीच्या युक्त्या बाजूला ठेवा, आधी ते फेडा. मुदत ठेव मोडावी लागली तरी मोडा, कारण ठेवीवर सात टक्के मिळवत चाळीस टक्क्यांचं कर्ज बाळगण्यात काही अर्थ नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'चं, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचंही तेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता होतं असं, की बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून. ३०,००० च्या फोनवर सहा महिन्यांसाठी १५ टक्क्यांनी व्याज साधारण १,३०० होतं, त्यावरचा कर सव्वादोनशेच्या पुढे, आणि शुल्क वेगळं. रक्कम लहान आहे हे खरं. मोठं नुकसान वेगळंच आहे. महिना पाच हजार ऐकल्यावर माणूस वीसच्या फोनवरून तीसच्या फोनवर जातो.

ताईंच्या मुद्द्याला एक आकडा जोडतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, ११.५ टक्के होती, २०२२-२३ मध्ये ती ५.१ टक्क्यांवर आली. हा आकडा सांभाळून वाचा. पहिलं वर्ष टाळेबंदीचं होतं, खर्च करायला वावच नव्हता. आणि 'निव्वळ' म्हणजे कर्ज वजा करून. घरासाठी काढलेलं कर्जही त्यात येतं, आणि घर ही मालमत्ता आहे. तरीही कर्जाचा वेग बचतीच्या पुढे गेला हे खरंच आहे.

---

अर्धी_पोळी | ७ जानेवारी, सकाळी

सगळं ठीक आहे, पण माझ्या पगारातला निम्मा भाग घराच्या हप्त्यात जातो, पुढचा मोठा तुकडा मुलीच्या शाळेत. त्यानंतर आईची औषधं. चिप्स आणि चॉकलेट बंद करून माझं काय होणार आहे? मध्यमवर्गाला काटकसर शिकवणारे सगळे धागे वाणसामानाशी सुरू होऊन तिथेच संपतात. शाळेने बूट, वही, गणवेश सगळं ठरलेल्या दुकानातूनच घ्यायला लावलं तर तिथे यादी माझी नसते, त्यांची असते.

---

पायवाट | ७ जानेवारी, सकाळी

अर्धी पोळी, तुमचं म्हणणं रास्त आहे. घर, शिक्षण, आजारपण हे तीन खर्च कुणाच्या उधळेपणातून आलेले नाहीत आणि त्यांचं उत्तर फ्रिजवरच्या कागदात नाही. औषधांपुरतं मात्र एक सुचवते. आईंच्या गोळ्या नेहमीच्या असतील, रक्तदाब, साखर, थायरॉइड अशा, तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात विचारा. तिथली जेनेरिक औषधं ब्रँडच्या मानाने निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्त मिळतात. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच करा. दर महिन्याला लागणाऱ्या गोष्टीत फरक पडला की तो वर्षभर पडत राहतो.

---

गोदाकाठ | ७ जानेवारी, दुपारी

मी परभणी जिल्ह्यातल्या गावातून लिहितोय. तुमची चर्चा शहरातली आहे, आमच्याकडची थोडी ऐका.

आमच्याकडे पगार नसतो. पैसा येतो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. पूर्वी दुकानदाराच्या वहीवर वर्षभर उधारी चालायची आणि माल विकला की हिशेब व्हायचा. त्या वहीत दुकानदाराला दांडगा नफा होता, ते काही चांगलं नव्हतं. पण त्याला आपली ऐपत माहीत असायची. तीन एकर कोरडवाहू असलेल्याला तो काहीही देत नसे. आता फायनान्सवाल्यांची पोरं गावात येतात. मोटारसायकल, टीव्ही, फोन, सगळं हप्त्यावर, आधार कार्ड दाखवा आणि घेऊन जा. हप्ता दर महिन्याला, पीक वर्षातून एकदा. इथेच गडबड होते. उत्पन्न कधी येतं ते बघून हप्ता ठरवायला पाहिजे, हे कुणी सांगत नाही.

आणि दुसरं म्हणजे लग्न. किराण्यात वर्षभर वाचवलेलं एका दिवसात जातं. मंडप, डीजे, जेवणावळ हे दिसतं तरी. न दिसणारा खर्च मानपानाचा आहे. पन्नास माणसांना टॉवेल-टोपी, पन्नास बायांना साडी. ती टोपी कुणी घालत नाही, ती साडी कुणी नेसत नाही. ती ट्रंकेत जाते आणि दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून निघते. गावात प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पण "आपणच कसं बंद करायचं" म्हणून कुणी बंद करत नाही. आमच्या भावकीत मागच्या दोन लग्नांत दोन्हीकडच्यांनी बसून ठरवलं, की कपड्यांचा आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही. एकट्याने केलं असतं तर कंजूष ठरलो असतो. दोघांनी मिळून ठरवलं म्हणून कुणाला बोलता आलं नाही.

---

जुईचा_वेल | ७ जानेवारी, रात्री

मला या धाग्यातलं एक सूत्र खटकतंय आणि ते स्पष्ट बोलते.

'साधं राहणं' म्हणजे प्रत्यक्षात काय, ते बघा. बाहेरचं दही बंद, घरी विरजण लावा. विकतचं पीठ बंद, गहू निवडा आणि गिरणीत न्या. मसाला घरी, पापड-कुरडया घरी, कपडे हाताने धुवा म्हणजे टिकतात. या सगळ्याचं बिल पैशात येत नाही, बाईच्या तासांत येतं. आजीच्या काळचा संसार स्वस्त होता, कारण आजीची मजुरी धरलेलीच नव्हती. मी रोज ठाण्याहून लोकलने जाऊन येऊन दोन तास प्रवास करते. पोळ्यांना मावशी लावल्या तो माझ्या घरातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च आहे. त्यावर कुणी काटकसर सुचवली तर मी ऐकून घेणार नाही.

आणि यादी कोण करतं? डबे कोण बघतं? कोकणकडा ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे, पण डबे बघणारी घरातली बाईच. मग यादीतलं काही विसरलं की ऐकून घेणारीही तीच.

---

पायवाट | ८ जानेवारी, सकाळी

जुई, हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. मी एवढंच म्हणेन : ज्या खर्चाने घरातल्या माणसाचा वेळ आणि पाठ वाचते तो वायफळ नव्हे. यादीत मावशींचा पगार सगळ्यात वर लिहावा, आणि दरवर्षी न मागता वाढवावा. काटकसर म्हणून घरकाम करणाऱ्या बाईचे पैसे कापणारी घरं मी पाहिली आहेत, त्याला मी काटकसर म्हणत नाही.

आमच्याकडे डबे बघायचं काम नवऱ्याकडे आहे आणि यादी मुलगा लिहितो. तो आठवीत आहे. त्याला आता तेलाचा भाव माहीत आहे, आणि त्याचा परिणाम त्याच्या मागण्यांवर माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त झाला.

---

राइनकाठी | ८ जानेवारी, दुपारी

जर्मनीत राहतो, मूळचा साताऱ्याचा. पायवाट ताई ज्याला अंतर म्हणतात ते इथे कायद्यानेच राखलं आहे. रविवारी दुकानं बंद. स्टेशन, विमानतळ, पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं वगळली तर सगळा बाजार बंद. नवीन आलो तेव्हा फार चिडचीड व्हायची. मग शनिवारी संध्याकाळपर्यंत यादी करायची सवय लागली, आणि रविवार बाजाराशिवाय कसा घालवायचा हेही कळलं. लोक फिरायला जातात, घरी केक करतात, शेजाऱ्यांकडे जातात.

दुसरं, बाटलीचं डिपॉझिट. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट जादा घेतात आणि दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत देतात. त्यामुळे बाटली ही कचरा न वाटता पैसा वाटते. आपल्याकडे सोड्याच्या आणि दुधाच्या काचेच्या बाटल्यांना हे होतंच की.

जुन्या वस्तूंची लाज इथे फारशी नाही. चांगल्या पगाराची माणसंही मुलांचे कपडे, सायकली, फर्निचर जुनं घेतात. आपल्याकडे भावाबहिणींचे कपडे उतरून घालायचो, ते आता परवडत असूनही का सोडलं, याचा विचार करतो.

---

सुईदोरा | ८ जानेवारी, रात्री

दुरुस्तीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

वस्तू मोडली की नवी घ्यायची, हे आपल्या अंगवळणी पडलं ते आळसामुळे नाही. दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून. मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर पाती आणि वॉशर बदलून ते पुढची काही वर्षं चालतं. पण कंपनीच्या केंद्रात विचारलं तर "मॅडम, नवीनच घ्या, ऑफर आहे" असं ऐकायला मिळतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची, वॉरंटीची माहिती तिथे एकत्र मिळते. मोठी वस्तू घेण्याआधी ते बघून घ्या. कोणत्या कंपनीचे भाग आपल्या गावात मिळतात, हा प्रश्न सवलतीच्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली 'रिपेअर कॅफे' सुरू झाला. ठरलेल्या दिवशी दुरुस्ती जाणणारे लोक एका सभागृहात बसतात, तुम्ही मोडकी वस्तू घेऊन जायची आणि त्यांच्या शेजारी बसून ती दुरुस्त करायची. बेंगळुरूतही हे झालं आहे. आमच्या सोसायटीत गणपतीच्या आधी आम्ही एक दिवस केला. निवृत्त वायरमन काका, शिवणकाम येणाऱ्या दोघीतिघी, आणि सायकलचं पंक्चर काढणारी कॉलेजची मुलं. पंखे, इस्त्र्या, छत्र्या, बॅगांच्या चेनी. सगळ्यात जास्त गर्दी चेनींना. दहा-वीस रुपयांच्या रनरपायी दीड हजाराची बॅग फेकून देतो आपण!

कपड्यांचं सांगते. कोपर फाटलेला स्वेटर, चिमटीत धरता येईल एवढं भोक पडलेली पँट, यांना रफू करणारे अजून आहेत. मोठ्या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानात विचारा, ते पत्ता देतात. सुती साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका पुण्याच्या आसपासच्या गावांत आहेत, त्यांना काम द्या. जे नेसण्याजोगं आहे ते बोहारणीला द्या, तिच्याकडून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातं.

---

शुक्राची_चांदणी | ९ जानेवारी, सकाळी

संक्रांत तोंडावर आली म्हणून विचारते : वाणाचं काय करता?

दरवर्षी रथसप्तमीपर्यंत माझ्याकडे प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या, आरशाच्या डब्या अशा वीसपंचवीस वस्तू जमतात. मीही तेच लुटते. एकाही वस्तूची गरज नसते. हळदीकुंकू मला मनापासून आवडतं, एरवी न भेटणाऱ्या बायका भेटतात. पण हे वाण?

---

कोकणकडा | ९ जानेवारी, दुपारी

मी दोन वर्षं मूठभर धान्य देते. नाचणी, वरी, राळे, कागदाच्या पुडीत. मूळ वाणात तरी काय असायचं? सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्या. शेतातलंच की सगळं. एका मैत्रिणीने कढीपत्त्याची रोपं दिली होती, आमच्याकडचं आता खिडकीच्या वर गेलंय. सोसायटीतल्या चौघींनी मिळून ठरवलं तर सोपं जातं. गोदाकाठ दादांनी लग्नाबद्दल जे लिहिलं तेच इथेही.

---

पेठेतला_वाणी | ९ जानेवारी, रात्री

किराणा दुकान वडिलांपासून आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याची बाजू मांडतो.

यादीवालं गिऱ्हाईक आम्हालाही हवं असतं. यादी आली की मला कळतं, या महिन्यात हरभराडाळ किती उचलायची. मालाचा साठा पडून राहत नाही, भावात दोन पैसे कमी करता येतात. आज गिऱ्हाईक दिवसातून दोनदा येतं आणि दहा रुपयांचं पाकीट नेतं. त्या पाकिटाची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. किंमत दहाच राहते आणि आतले ग्रॅम कमी होत जातात. कंपनीला माहीत आहे की तुमचं लक्ष किमतीवर असतं, वजनावर नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. पाकिटावर एमआरपीच्या जवळ 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती. ती छापणं आता बंधनकारक आहे. तीच बघून दोन पाकिटांची तुलना करा. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडते. अर्थात पुड्यांचा कचरा होतो, तो वेगळा विचार.

एमआरपी ही कमाल किंमत आहे, तिच्यापेक्षा कमीत द्यायला दुकानदाराला कुणी अडवलेलं नाही. महिन्याचं सामान एकदम घेत असाल तर हक्काने विचारा. आणि वर्षाचा गहू घ्यायला घरात जागा असेल तर उन्हाळ्यात नवा माल आल्यावर घ्या. कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून नीट भरला तर टिकतो.

एक विनंती. ॲपवर सवलत मिळाली की तिकडे आणि महिनाअखेरीस उधारी हवी असली की इकडे, असं करू नका. अडीअडचणीला उधार देणारं दुकान गल्लीत टिकायचं असेल तर त्याला महिन्याची यादी मिळाली पाहिजे.

---

चौथी_खिडकी | १० जानेवारी, दुपारी

मी चोवीस वर्षांचा, पुण्यात तिघांसोबत फ्लॅटवर राहतो. माझा किराणा जवळपास नाहीच. माझा खर्च मित्रांचा आहे. शुक्रवारी बाहेर, रविवारी बाहेर, कुणाचा वाढदिवस, कुणाची ट्रीप. नाही म्हटलं तर गटातून बाहेर पडल्यासारखं होतं. इथे यादी कशी करू?

---

हिशेबनीस | १० जानेवारी, रात्री

मित्रा, मित्रांवरचा खर्च बंद करू नकोस, ठिकाण बदल. पुढाकार ज्याचा, खर्च त्याच्या हिशेबाने होतो. महिन्यातून दोनदा बेत तू आख. सिंहगड, पर्वती, घरी मिसळीचा बेत, बालगंधर्व किंवा भरतचं नाटक. ग्रंथालय लाव. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, वर्गणी तुझ्या एका शुक्रवारपेक्षा कमी पडेल. गटातल्या आणखी दोघांची तुझ्यासारखीच ओढाताण होत असणार, ते बोलत नाहीत इतकंच.

आणि आजच एक काम कर. बँकेच्या ॲपमध्ये 'मँडेट' किंवा 'ऑटोपे' उघड, म्हणजे आपोआप पैसे कापायला आपण दिलेल्या परवानग्यांची यादी. न वापरलेल्या वर्गण्या तिथे दिसतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते, ऑक्टोबर २०२१ पासून. ती सूचना आपण न वाचता सरकवतो. वाचायला लाग. एखादी वर्गणी रद्दच होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलतात.

---

अर्धी_पोळी | ११ जानेवारी, सकाळी

मी वर जरा तडकून लिहिलं होतं, पण धागा पूर्ण वाचला. शाळेच्या विषयात गोदाकाठ दादांची युक्ती लागू पडते आहे. आमच्या वर्गाच्या पालकांच्या गटावर काल लिहिलं, की मागच्या वर्षीचे गणवेश आणि पुस्तकं वरच्या वर्गाकडून घेऊया. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी हो म्हटलं. ठरलेल्या दुकानाबद्दल पालकांच्या सहीचं पत्र मुख्याध्यापकांना द्यायचं ठरतंय. आईच्या तीन गोळ्यांपैकी दोन जेनेरिक घ्यायला डॉक्टर हो म्हणाले.

---

राइनकाठी | ११ जानेवारी, दुपारी

विजेचं कुणी लिहाल का? आईबाबा साताऱ्यात असतात, उन्हाळ्यात बिल एकदम फुगतं.

---

हिशेबनीस | ११ जानेवारी, संध्याकाळी

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० चा त्याच्या साधारण दुप्पट, पुढे आणखी चढता. म्हणून ११० युनिटांचं घर १०० च्या आत आणलं तर वाचलेली दहा युनिटं महागातली असतात. जुना फ्रिज आणि गिझर आधी बघा. एसी असेल तर २४ अंशांवर ठेवून पंखा लावा, तापमान एका अंशाने वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. आईबाबांना उकाड्यात बसवून बिल वाचवू नका मात्र, त्या वयात उष्माघात फार वाईट.

---

चौथी_खिडकी | १२ जानेवारी, सकाळी

मँडेट उघडून बघितलं, चार सापडले, तीन बंद केले. रविवारी सिंहगड ठरलाय, सहा जण येतोय.

आता वेगळं विचारतो. आमच्या हडपसरच्या सोसायटीत पाच-सहा घरं एकत्र खरेदीला तयार आहेत. ग्राहक पंचायतीसारखा संघ नाही, साधंच. सुरुवात कशी करायची?

---

पेठेतला_वाणी | १२ जानेवारी, रात्री

पहिल्या महिन्यात सगळं घेऊ नका. न नासणाऱ्या चार वस्तू धरा : तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर. सगळ्यांची मागणी एका कागदावर, पैसे आधी गोळा, आणि हिशेब एकाच्या हातात पण सगळ्यांना दिसेल असा. मार्केट यार्डात भुसार, म्हणजे धान्याच्या विभागात सकाळी लवकर जा. किमान दोन-तीन गाळ्यांत भाव विचारा, डाळ हातात घेऊन बघा, कट्ट्याचं वजन समोर करून घ्या. टेम्पोचं भाडं किलोमागे वाटून टाका, नाहीतर तिथेच पहिलं भांडण होतं. घरी मोजायला दहा किलोचा साधा काटा पुरतो.

तांदळाचा कट्टा घेताना नवा की जुना ते नक्की विचारा. जुना महाग असतो, पण भाताला चांगला फुलतो. सहा घरांत एकमत नसेल तर दोन वेगळे घ्या.

---

कोकणकडा | १३ जानेवारी, सकाळी

आणि वाटपाची तारीख महिन्याची पहिली ठेवू नका, पगार उशिरा होणारे असतात. आमच्याकडे दहा तारखेनंतरचा रविवार असतो. पहिल्या वाटपाला कुणाच्या तरी घरी चहा ठेवा. चौथी खिडकी, तुमचं पहिलं मागणीपत्रक इथे टाकलंत तर काय जास्त वाटतंय ते आम्ही सांगू.